हॅलोवीनच्या रात्री थीम पार्क: घाबरवायचे, पण रांग थांबू द्यायची नाही

रांगेतला_माणूस (धागाकर्ता)

मी गेली अकरा वर्षे फ्लोरिडात, ऑरलँडोजवळ राहतो. कारखान्यात माल कुठे आणि का तुंबतो ते शोधणे हे माझे पोटापाण्याचे काम आहे. त्यामुळे सप्टेंबर उजाडला की मित्रमंडळी थीम पार्कमध्ये भुते पाहायला जातात आणि मी रांगा पाहायला जातो, अशी घरात माझी चेष्टा होते. चेष्टा खरी आहे. यंदाही दोन वेगवेगळ्या पार्कांतील हॅलोवीनच्या रात्री पाहून आलो आणि तेव्हापासून जे डोक्यात घोळते आहे ते येथे मांडतो. ज्यांनी हे काम आतून पाहिले आहे त्यांनी भर घालावी.

ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडेसे सांगतो. हॅलोवीन हा ३१ ऑक्टोबरचा भुताखेतांचा सण; त्या निमित्ताने थीम पार्क रात्री वेगळे तिकीट लावून प्रेक्षकांना घाबरवण्याचे खेळ करतात. कॅलिफोर्नियातील नॉट्स बेरी फार्म या पार्कने १९७३ साली तीन रात्रींपुरता हा प्रयोग केला. युनिव्हर्सल स्टुडिओज फ्लोरिडाने १९९१ साली ‘फ्राइट नाइट्स’ या नावाने तीनच रात्रींनी सुरुवात केली आणि पुढच्या वर्षी त्याचे नाव ‘हॅलोवीन हॉरर नाइट्स’ झाले. तीन रात्रींचा तो खेळ आता ऑगस्टच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या आरंभापर्यंत चालतो. त्यात दहा हाँटेड हाऊसेस, म्हणजे आतून चालत जायची आणि आडोशातल्या नटांनी घाबरवायची भुताची घरे असतात, रस्त्यांवर मोकळी फिरणारी भुते असतात, रंगमंचावरचे कार्यक्रम असतात आणि या सगळ्यांच्या मधोमध रांगा असतात.

हाऊसमधून माणसे पाठवण्याच्या दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत सात-आठ जणांचा गट आत सोडतात, थोडी जागा मोकळी राहू देतात आणि मग पुढचा गट सोडतात. दुसऱ्या रीतीत आगगाडीच्या डब्यांसारखी अखंड रांग आतून चालत राहते. आता एक हिशेब करून पाहू; आकडे माझेच आहेत, समजण्यापुरते. गटाच्या रीतीत दर ४० सेकंदांना ८ माणसे आत गेली तर तासाला ७२० होतात. अखंड रांगेत दर ३ सेकंदांना एक माणूस धरला तर तासाला १,२०० होतात. सहा तासांची रात्र, दहा हाऊसेस आणि २०,००० प्रेक्षक असे धरले, तर पहिल्या रीतीत माणशी सरासरी दोनहून किंचित अधिक हाऊसेस वाट्याला येतात आणि दुसरीत साडेतीनहून किंचित अधिक. म्हणजे चांगले पैसे मोजून आलेल्या माणसाला पहिल्या रीतीत दोन हाऊसेस पाहून घरी जावे लागेल. म्हणूनच मोठे पार्क अखंड रांगेकडे वळतात.

मात्र तिची किंमतही मोजावी लागते. आडोशातून झडप घालायची, मागे सरायचे आणि पुन्हा सज्ज व्हायचे, यात नटाचे सात-आठ सेकंद जातात. तेवढ्यात दोन-तीन माणसे पुढे निघून गेलेली असतात. एकाची किंकाळी निघते आणि त्याच्या मागच्या दोघांना नटाची पाठ तेवढी दिसते. गर्दीचे नियोजन एका खात्याकडे आणि करमणूक दुसऱ्या खात्याकडे दिली की हा तिढा सुटत नाही, असे माझे मत झाले आहे. झडप कुठे घालायची हा जितका नाट्याचा प्रश्न आहे, तितकाच तो रांगेचाही आहे.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. युनिव्हर्सलमध्ये दिवसाचा पार्क सायंकाळी पाच वाजता बंद होतो आणि रात्रीचा कार्यक्रम साधारण साडेसहाला सुरू होतो. ज्यांच्याकडे दोन्ही तिकिटे असतात त्यांना मधल्या वेळात पार्कच्या आतच ठरावीक जागी थांबवून ठेवतात आणि जवळच्या हाऊसेसमध्ये आधी सोडतात. फाटक उघडल्यावर बाहेरचा लोंढा आत येतो तोवर आतले लोक वेगवेगळ्या कोपऱ्यांत पांगलेले असतात. लोंढा एकच, पण तो दोन तोंडांनी आत घेतल्यामुळे पहिल्या तासाची रेटारेटी बरीच कमी होते.

सोनचाफा

लेख आवडला, पण तुम्ही फक्त भयाच्या रात्रींविषयी लिहिले आहे. लहान मुलांना घेऊन जाणाऱ्या आमच्यासारख्यांचा अनुभव वेगळा असतो. आम्ही डिस्नेच्या मॅजिक किंगडम या पार्कमधील ‘मिकीज नॉट-सो-स्केअरी हॅलोवीन पार्टी’ला दोनदा गेलो. ती १९९५ साली एका रात्रीपुरती सुरू झाली होती. तिचे तिकीट वेगळे असते, ते मर्यादित संख्येने विकले जाते आणि मनगटावर पट्टी बांधलेली नसेल तर सायंकाळी सहानंतर नम्रपणे, पण ठामपणे बाहेरची वाट दाखवली जाते.

मला तेथे जे लक्षात राहिले ते मिरवणुकीपूर्वीचे एक मिनिट. मिरवणूक येण्याआधी रस्त्यावरचे दिवे मंद होतात आणि हातात पेटता भोपळा घेतलेला मुंडके नसलेला घोडेस्वार खऱ्याखुऱ्या घोड्यावरून दौडत जातो. तोवर दोरीच्या आत पाय पसरून बसलेली, फोटोसाठी पुढे सरकणारी, मुलांना हाका मारणारी माणसे त्या टापा ऐकताच आपोआप मागे सरली. कोणाही कर्मचाऱ्याला ‘मागे व्हा’ असे ओरडावे लागले नाही. माझ्या पाच वर्षांच्या मुलाने माझा हात इतका घट्ट धरला की मला त्याला शोधण्याची चिंताच उरली नाही.

मिरवणूक एका रात्रीत दोनदा असते आणि दुसऱ्या वेळी गर्दी निम्म्याने तरी कमी वाटते, कारण लहान मुले तोवर पेंगुळलेली असतात. ज्यांची मुले जागू शकतात त्यांनी दुसरीच पाहावी.

उलटे_पाय

माझे सदस्यनाम वाचून अंदाज आलाच असेल. विद्यार्थिदशेत मी अमेरिकेतील एका मध्यम आकाराच्या पार्कमध्ये दोन हंगाम भूत होतो. पार्कचे नाव सांगत नाही, कारण पुढे काही तक्रारीही येणार आहेत.

पहिल्याच दिवशी आम्हाला जो नियम शिकवला तो असा, की माणूस घाबरून नेहमी पुढे पळाला पाहिजे. भूत समोरून आले तर माणूस मागे हटतो, मागच्याच्या अंगावर पडतो आणि रांग जागीच गोठते. तेच बाजूने किंवा तिरके मागून आले तर तो पुढच्या खोलीत आपणहून पळतो. म्हणून आडोसा नेहमी वाटेच्या कडेला, थोडा मागे असतो. समोर ठेवतात ती लक्ष वेधणारी वस्तू, म्हणजे लटकलेला सांगाडा, हलणारी खुर्ची किंवा उगाच लुकलुकणारा दिवा. लोक तिच्याकडे पाहत असताना काम दुसऱ्याच बाजूने होते. धागाकर्ते म्हणतात तो ‘रांगेचा आणि नाट्याचा एकच प्रश्न’ आम्ही गुडघ्यावर बसून सोडवत होतो.

अखंड रांगेत कोणाला निवडायचे हेही शिकवतात. सर्वांत पुढच्या माणसाला घाबरवले की तो थांबतो आणि मागचे सगळे अडतात, म्हणून शक्यतो मधल्याला किंवा शेवटच्याला गाठायचे. जो हात पुढे करून, मुठी आवळून येतो त्याला सोडून द्यायचे. तो घाबरला तर ठोसा मारतो, आणि मी दोन हंगामांत तीन खाल्ले. आम्ही कोणाला हात लावायचा नाही हा नियम आम्ही कसोशीने पाळला. प्रेक्षकांनीही आम्हाला लावायचा नाही हा नियम फलकावर होता.

आता तक्रार. एका जागेसाठी दोन नट असावेत आणि त्यांनी आळीपाळीने काम करावे अशी पद्धत आहे. अर्धा-पाऊण तास किंचाळल्यावर घसा आणि गुडघे दोन्ही बोलू लागतात. आमच्याकडे दुसऱ्या हंगामात खर्च वाचवण्यासाठी दुसरा संच निम्मा केला. परिणाम असा झाला की रात्री अकरानंतर अर्धे आडोसे रिकामे राहू लागले. कोणी घाबरवत नाही म्हटल्यावर लोक खोलीत रेंगाळून फोटो काढू लागले आणि रांग मंदावली. नट कमी केल्यामुळे रांग लांबली, हे वरिष्ठांना शेवटपर्यंत पटले नाही.

पंचवटीकर

मी पोलीस खात्यातून निवृत्त झालो आहे. हॅलोवीन मी नातवंडांकडे न्यू जर्सीला गेलो तेव्हा पहिल्यांदा पाहिला. नातवाच्या हट्टापायी एका पार्कमधील भुतांच्या रात्रीला गेलो आणि जुन्या सवयीने बंदोबस्तच पाहत बसलो.

नाशिकच्या कुंभमेळ्यात २७ ऑगस्ट २००३ रोजी रामकुंडाकडे उतरणाऱ्या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरी होऊन ३९ जण गेले. २९ ऑक्टोबर २०२२ रोजी सोलमधील इतेवॉन भागात हॅलोवीनसाठी जमलेले १५९ जण गेले, तीही सव्वातीन मीटरच्या आसपास रुंदीची उताराची गल्लीच होती. तेथे पोलिसांना पहिला दूरध्वनी सायंकाळी ६ वाजून ३४ मिनिटांनी गेला होता आणि अनर्थ रात्री दहानंतर घडला. मधले साडेतीन तास कोणाच्या हाती होते, हा प्रश्न आमच्या पेशातल्या माणसाला झोपू देत नाही.

पार्कचे भाग्य एवढेच, की त्याला फाटक असते. किती माणसे आत आहेत हे कोणत्याही क्षणी ठाऊक असते आणि फाटक बंद करता येते. इतेवॉनला यजमानच नव्हता, तिकीट नव्हते आणि मोजणीही नव्हती. तेव्हा रांगेतला_माणूस यांना माझे नम्र सांगणे आहे, की मिरवणुका आणि झडपा हा नंतरचा विचार झाला. पहिली गोष्ट म्हणजे किती तिकिटे विकायची. दर चौरस मीटरला चार माणसांपर्यंत माणूस आपल्या पायांनी चालतो. सहा-सात झाली की गर्दी त्याला चालवते, आणि मग घोडेस्वार आणा नाहीतर हत्ती आणा, कोणी मागे सरत नाही, कारण सरायला जागाच नसते.

रांगेतला_माणूस

पंचवटीकर काका, मर्यादेचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण एक अडचण सांगतो. एकूण संख्या मर्यादेत असूनही एखादा चौक धोकादायक होऊ शकतो. २०,००० माणसे सगळ्या पार्कभर पसरली तर काहीच वाटत नाही. त्यातली ३,००० एका रंगमंचावरचा कार्यक्रम सुटल्यावर एकाच पुलावर आली तर वाटते. मी यंदा एका ठिकाणी नेमके हेच पाहिले. रंगमंचावरचा कार्यक्रम सुटला आणि त्याच वेळी बाजूच्या रस्त्यावर भुतांच्या टोळीची नवी फेरी सुरू झाली. बाहेर पडणारे लोक तमाशा पाहायला थांबले, मागून येणाऱ्यांना ते का थांबले हे कळेना, आणि शेजारच्या हाऊसची रांगही त्याच रस्त्यावर ओसंडून आलेली होती. पाच-सात मिनिटे मला खांदा हलवता आला नाही. दोन वेळापत्रके वीस मिनिटांनी मागेपुढे केली असती तर काम झाले असते.

रंगमंचावरचा कार्यक्रम हा खरे तर फार मोठा आधार आहे. दीड हजार माणसे अर्धा तास खुर्च्यांवर बसली म्हणजे तेवढी माणसे रांगेतून उचलून ठेवल्यासारखी होतात. पण ती एकदम उठतात, हे विसरून चालत नाही.

जादा पैसे देऊन वेगळ्या रांगेतून जाणाऱ्यांविषयीही लिहायचे राहिले होते. तासाला १,२०० जण जाणाऱ्या हाऊसमध्ये पाव जागा त्यांना दिल्या तर साध्या रांगेला ९०० उरतात. रांगेत ९०० माणसे उभी असतील तर पाऊण तासाची वाट एक तासाची होते. आपल्याकडच्या देवस्थानांत व्हीआयपी दर्शनाला नावे ठेवणारे माझे मित्र येथे तो पास बिनदिक्कत काढतात, हे जाता जाता नोंदवतो.

अग्निरेखा

मी पुण्यात इमारतींच्या अग्निसुरक्षेचे काम करते. माझा या विषयाशी संबंध एका जुन्या दुर्घटनेमुळे आहे, जी आमच्या अभ्यासात हमखास शिकवली जाते. ११ मे १९८४ रोजी न्यू जर्सीतील सिक्स फ्लॅग्ज ग्रेट अ‍ॅडव्हेंचर या पार्कमधील ‘हाँटेड कॅसल’ला आग लागली आणि आठ किशोरवयीन मुले मरण पावली. ती वास्तू ट्रकचे ट्रेलर एकमेकांना जोडून केलेली होती, आत फोमचे अस्तर होते आणि पाण्याचे फवारे नव्हते. धूर, अंधार, लुकलुकणारे दिवे आणि किंचाळ्या हा तेथला नेहमीचाच देखावा असल्यामुळे खरी आग ओळखायला वेळ लागतो, हा त्यातला सर्वांत भयंकर भाग.

त्यानंतर अमेरिकेतील नियमांत अशा वास्तूंचा स्वतंत्र वर्ग आला. आपोआप सुरू होणारे फवारे आणि धूर ओळखणारी यंत्रणा आवश्यक झालीच, पण मला सर्वांत शहाणी वाटते ती पुढची अट: धोक्याची सूचना मिळताच भुताटकीचे सगळे आवाज आणि प्रकाशाचे खेळ बंद पडले पाहिजेत आणि बाहेर जाणाऱ्या वाटेवर स्वच्छ उजेड झाला पाहिजे. म्हणजे नाटक थांबले आहे हे सांगायला कोणी माणूस लागता कामा नये.

हाँगकाँगच्या ओशन पार्कमध्ये १६ सप्टेंबर २०१७ रोजी हॅलोवीनच्याच एका हाऊसमध्ये हलत्या शवपेटीच्या यंत्रणेचा आघात होऊन २१ वर्षांचा तरुण दगावला. अंधारात आणि घाबरलेल्या अवस्थेत माणूस कुठेही पाय टाकू शकतो. त्याला वाट कळली नाही, तरी चुकीच्या जागी शिरता येऊ नये अशी रचना हवी. आता आपल्याकडेही काही मॉल आणि उद्याने ऑक्टोबरअखेरीस कापड, थर्माकोल आणि प्लायवूडची भुताची घरे उभी करतात. मी दोन पाहिली. एकात बाहेर पडण्याच्या दारावर काळा पडदा होता आणि पडद्यामागे शीतपेयांचे क्रेट रचलेले होते. नाव लिहीत नाही. क्रेट मात्र मी स्वतः उभी राहून हलवायला लावले.

टँपिनीसकर

सिंगापूरहून थोडी भर. येथील युनिव्हर्सल स्टुडिओजमध्ये २०११ पासून हॉरर नाइट्स होतात. पार्क लहान असल्यामुळे रस्त्यावरच्या भुतांचे क्षेत्र ही करमणुकीची जागा असते आणि जाण्यायेण्याची एकमेव वाटही तीच असते. तेथे चुणचुणीत कर्मचारी हातात दिव्याच्या कांड्या घेऊन ‘चालत राहा, चालत राहा’ एवढेच रात्रभर म्हणत असतात. त्यांचे आवाज भुतांपेक्षा जास्त लक्षात राहतात.

एक निरीक्षण आहे. परदेशी भुतांसमोरून लोक हसत पुढे जातात, पण पोंटियानाक, म्हणजे मलय लोककथांतील बाळंतपणात मेलेल्या बाईचे भूत दिसले की स्थानिक लोक खरोखर थबकतात. आपल्याकडे हडळ उभी केली तर तेच होईल. ओळखीचे भूत ठेवायचे असेल तर त्याच्यासमोरची वाट जरा रुंद ठेवावी, असे मला वाटते.

सोनचाफा

मोठ्या मुलांचा विषय कोणीच काढला नाही. माझी पुतणी कॅलिफोर्नियात आहे. जुलै २०२२ मध्ये नॉट्सला मुलांच्या मारामाऱ्यांमुळे पार्क लवकर बंद करावा लागला आणि त्यानंतर १७ वर्षांपर्यंतच्या मुलांबरोबर किमान २१ वर्षांची व्यक्ती असलीच पाहिजे असा नियम त्यांनी आणला. पुतणी तेव्हा सोळाची होती आणि तिला तो घोर अन्याय वाटला होता. ‘मारामारी त्यांनी करायची आणि काकूला बरोबर मी न्यायचे’ हे तिचे म्हणणे मला आजही खोडता येत नाही.

मुखवट्यांचेही तसेच. मिकीच्या पार्टीत मोठ्यांनी वेश केलेला चालतो, पण १४ वर्षे आणि त्यापुढच्यांना मुखवटा चालत नाही. हॉरर नाइट्समध्ये तर प्रेक्षकांना वेश आणि मुखवटा दोन्ही वर्ज्य आहेत.

उलटे_पाय

मुखवट्यांचा नियम आम्हा भुतांसाठी फार मोलाचा होता. प्रेक्षकांतलाच एखादा मुखवटा चढवून मुलींच्या अंगावर धावून गेला, तर दोष आमच्यावर येतो, आणि सुरक्षारक्षकाला कोण आपला आणि कोण उपरा हे अंधारात कळत नाही.

पंचवटीकर काकांना एक सांगावेसे वाटते. फाटकावरची मोजणी असते, पण हाऊसच्या आत किती आहेत ही मोजणी आमच्याकडे दारावरच्या मुलाच्या हातातल्या खटक्यावर चालत असे, आणि तो मुलगाही एकोणीस वर्षांचाच असे. म्हणून रात्री शेवटचा गट गेल्यावर सगळे दिवे लावून आम्ही दोघे जण बाहेरच्या दारातून आत शिरायचो आणि सगळे हाऊस उलट्या दिशेने चालत पाहायचो, कोणी कोपऱ्यात बसून राहिले नाही ना याची खात्री करत.

माणूस कधी सापडला नाही, पादत्राणे सापडायची. पहिल्या हंगामात चौदा जमली, सगळी एकेकटी. व्यवस्थापिका बाईंनी ती कुठे कुठे सापडली याच्या खुणा नकाशावर करून घेतल्या, तेव्हा चौदांपैकी नऊ एकाच वळणावर निघाली. त्या वळणावर आमचा एक उत्साही नट लोकांच्या समोरून यायचा आणि लोक मागे हटताना एकमेकांच्या टाचेवर पाय देत होते. दुसऱ्या दिवशी सुताराने त्याचा आडोसा वळणाच्या अलीकडे, डाव्या भिंतीत हलवला. उरलेल्या तीन आठवड्यांत त्या वळणावर एक लाल सँडल तेवढी सापडली.